स्टेशनावरची पांढऱ्या साडीतली बाई

अमावास्या जवळ आली, की सोलापूर स्टेशनावरच्या पांढऱ्या साडीतल्या बाईची तीच ती चित्रफीत आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हटकून येऊन पडते, आणि आता तिचा अक्षरशः वीट आला आहे. ती बाई पाहणारा माणूस स्वतः कधीच पुढे येत नाही. तो नेहमी कुणाच्या तरी मेव्हण्याचा मित्र असतो. चित्रफीत थांबवून नीट पाहिली, तर फलाटाच्या टोकाला डोक्यापासून पायापर्यंत चादर लपेटून झोपलेला प्रवासी उठून बसतो, इंजिनाचा झोत त्याच्यावर पडतो आणि त्याची लांबलचक सावली भिंतीवरून सरकते, एवढेच दिसते. चादरींच्या गावात चादर ओळखू येऊ नये, याला काय म्हणावे?

हटकले, की पश्चिम बंगालमधल्या बेगुनकोडोरचा दाखला तोंडावर फेकला जातो. भुताच्या बोभाट्याने ते स्टेशन १९६७ मध्ये बंद पडले हे खरे. पण २००९ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, हा भाग मात्र सोयीस्करपणे गाळला जातो. शिवाय सोलापुरात रेल्वे १८६० मध्ये आली, तेव्हा एवढ्या जुन्या जागेत ‘काहीतरी’ असणारच, असाही युक्तिवाद होतो. त्या हिशेबाने भुईकोट किल्ल्यात भुतांची जत्राच भरायला हवी. तेथे तर लोक बागेत सहकुटुंब फिरायला जातात. रात्रभर फलाटावर राबणाऱ्या हमालांना मात्र विचारायला कुणी जात नाही. गेल्या वेळी मी हे सगळे सविस्तर लिहिले, तर उत्तरादाखल भुताचीच इमोजी आली.