मेंढीचं हृदय आणि मराठीतलं एमबीबीएस

भोपाळला ऑक्टोबर २०२२ मध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं आली, तेव्हापासून आमच्या एमबीबीएसच्या बॅचच्या ग्रुपवर एक वाद अधूनमधून पेटतो: महाराष्ट्रात डॉक्टरकी मराठीतून शिकवावी का? मी कॅलिफोर्नियात एका कम्युनिटी कॉलेजात, नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या मुलांना अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, म्हणजे शरीराची रचना आणि त्याचं काम, शिकवते. शिकवायचं कसं, हा प्रश्न या वादात मागेच पडतो, याचं मला वाईट वाटतं.

इथे दोन्ही विषय एकाच कोर्समध्ये असतात. मागच्या आठवड्यात मेंढीची हृदयं होती, चौघांत एक. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत, महाधमनीत, वरून पाणी ओता, एवढंच मी सांगितलं. झडपेच्या तीन पाकळ्या फुगून एकमेकींना चिकटल्या, पाणी अडलं. तरी पातळी हळूहळू उतरत होती. मग जातंय कुठे? बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी एकीला पाकळ्यांमागची दोन बारीक भोकं सापडली, आणि ती शेजारणीला भराभर स्पॅनिशमध्ये सांगू लागली: हृदय सैल पडतं, झडप मिटते, तेव्हाच हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला जास्त रक्त मिळतं. त्या भोकांतून निघणाऱ्या धमन्यांचा 'कॉरोनरी' हा शब्द तोच. समजावणं आईच्या भाषेतलं.

मला हे एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी उमगलं नव्हतं. पाकळ्यांची नावं व्हायवासाठी, म्हणजे तोंडी परीक्षेसाठी, पाठ होती. हृदयातल्या दाबाचा आलेख दोन महिन्यांनी, दुसऱ्या डिपार्टमेंटात, दुसऱ्या सरांनी फळ्यावर काढला. दोन्ही एकाच हृदयाचं आहे, हे मनात जुळलंच नाही. १९९७ मध्ये पहिलं वर्ष १८ महिन्यांवरून १२ वर आलं होतं; पाठ करण्यातच दिवस संपायचे. २०१९ च्या अभ्यासक्रमात विषय जोडून शिकवा असं लिहिलंय. पण तिकडे शिकवणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, भरलेल्या हॉलमध्ये अजून स्लाइड्सच पुढे सरकतात.

नुसत्या लेक्चरनं काय होतं, ते अमेरिकेत जीवशास्त्र शिकवणारे स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. विज्ञान, अभियांत्रिकी, गणिताच्या कॉलेजवर्गांवरचे २२५ अभ्यास त्यांनी एकत्र तपासले. लेक्चरच्या वर्गांत सरासरी ३४ टक्के नापास. मुलांना प्रश्न सोडवायला, बोलायला लावणाऱ्या वर्गांत २२.

माझ्या मुलांना मानवी देह मिळत नाही, मेंढीवर भागवावं लागतं. आपल्याकडे कुणाच्या तरी घरच्यांनी डोळे पुसत देहदान केलेलं असतं, आणि टेबलाभोवती मागे उभ्या मुलांना काही दिसतही नाही. ही उधळपट्टी मला भाषेच्या वादापेक्षा जास्त टोचते.

मराठीला माझा विरोध नाही, उलट आग्रहच आहे. पारिभाषिक शब्द आहेत ते राहू द्या. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीला टेबलापाशी मराठीत विचारा: ही झडप गळायला लागली, तर नाडी बोटांना कशी लागेल? आणि तिनं मराठीत दिलेल्या उत्तराला व्हायवात पूर्ण मार्क द्या.