कऱ्हाडच्या डोंगरातला हिरवा दगड तांब्याचा नाही

सध्या सातारा-सांगलीत एक मजकूर जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय की कऱ्हाडजवळ राजस्थानातल्या खेत्रीसारखं तांब्याच्या खाणींचं शहर होतं, आगाशिवची लेणी म्हणजे त्याच खाणी, शिवराई इथल्याच तांब्याची आणि पुढे इंग्रजांनी खाणी बुजवल्या. पुरावा म्हणून हिरव्या दगडांचे फोटो जोडलेत. आपल्या भागाच्या प्रेमापोटीच लोक तो पुढे पाठवतात, म्हणून त्यातलं खरं-खोटं नीट निवडायला हवं.

आधी खडक बघू. आपल्या पायाखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा वरचा सुमारे सव्वा किलोमीटर लाव्हाचा काळा कातळच लागला आणि त्याखाली ग्रॅनाइट व नाइस हे वेगळे, जुने खडक. काळ्या कातळात तांबं असतं, पण टनाला साधारण १०० ते २०० ग्रॅम, तेही कणाकणांत विखुरलेलं. ३ किलोच्या एका घागरीसाठी १५ ते ३० टन कातळ फोडायचा, आणि एवढं करून जुन्या भट्टीत ते सुटं होणारच नाही. खेत्री किंवा मध्य प्रदेशातल्या मलाजखंडच्या खनिजात तांबं १ टक्क्याच्या आसपास असतं, म्हणजे टनाला १० किलो. तिथे खाण का चालते, हे यावरूनच कळतं.

‘मग अमेरिकेत मिशिगनला लाव्हाच्याच खडकात तांबं कसं निघालं?’ त्या मजकुरातला हा एकच प्रश्न खरोखर वजनाचा आहे. तिथला लाव्हा सुमारे ११० कोटी वर्षांचा. तो खोल गाडला गेला, त्यातून गरम पाणी फिरलं आणि त्या पाण्यानं तांबं आणून सच्छिद्र थरांत साठवलं. आपल्याकडच्या कातळातल्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट आणि गार अशी बिनतांब्याची खनिजं भरली. क्वचित एखादा तांब्याचा कण सापडतो, पण त्यावर शहर उभं राहत नाही.

लेण्यांचं उत्तर सोपं आहे. खाण धातूच्या शिरेमागे वाकडीतिकडी जाते. आगाशिवला सरळ भिंती, काटकोनातल्या खोल्या, दगडी ओटे आणि चैत्यगृहात स्तूप आहेत. ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत.

तांबं जिथे गाळलं जातं, तिथे मळीचे, म्हणजे धातू गाळून उरलेल्या दगडी कचऱ्याचे, ढीग मागे राहतात. खेत्रीजवळ सिंघाण्याला ते आहेत. आपल्याकडे महाबळेश्वरच्या डोंगरात धावड लोक भट्ट्या लावत, पण ते लोखंड गाळत. त्या रानात काळी मळी सापडली तर आधी धावडांची आठवण व्हावी.

शिवराईला आणि तांबटांच्या भांड्यांना तांबं लागत होतं, हे खरंच. पण कारागीर आहेत म्हणून शेजारी खाण असलीच पाहिजे असं नाही. विटा-खानापूरच्या गलाईवाल्यांनी सोनं-चांदी गाळण्यात देशभर नाव कमावलं, तिथे सोन्याची खाण कुठे आहे? सतराव्या शतकात डच व्यापारी जपानचं तांबं हिंदुस्थानच्या बंदरांत उतरवत होते, आणि वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती. इंग्रजांनी बुजवल्याचं म्हणाल, तर झारखंडमध्ये घाटशिलाजवळ त्यांच्याच काळात ब्रिटिश कंपनीने तांब्याचा कारखाना चालवला. सापडलेली खाण ते बुजवतील कशाला?

राहिला हिरवा दगड. आपल्याकडे तो बहुधा सेलाडोनाइट असतो: मऊ, मातकट, पोकळीच्या आतून सारवल्यासारखा. त्याचा हिरवेपणा लोखंडामुळे येतो. शंका असेल तर चमचाभर पूड करून काचेच्या बाटलीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा. फेस आला म्हणून तांबं समजू नका, सोबतच्या कॅल्साइटनेही फेस येतो. सकाळी वरचं पाणी गाळून घ्या आणि पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा त्यात तासभर बुडवा. खिळ्यावर तेल किंवा गंज राहिला तर थर धरत नाही. शेजारी नुसत्या व्हिनेगरमध्ये दुसरा खिळा ठेवा, कारण खिळा आपोआपही तांबूस गंजतो. तांबं असेल तर पहिल्या खिळ्यावर धातूसारखा चमकणारा लालसर थर बसेल. दोन्ही खिळे सारखेच दिसले, तर त्या दगडाचा हिरवेपणा बहुधा तांब्याचा नाही.