बटाटे देऊन सामान? ट्रिस्टनवर नाही हो

फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आला. 'ट्रिस्टन द कुन्हा, जगातलं सगळ्यात एकाकी बेट, तिथे आजही पैसा नाही, बटाटा हेच चलन, पोस्टाच्या तिकिटावरसुद्धा किंमत बटाट्यात, म्हणून तिथे गरीब-श्रीमंत नाही.' खाली काकांचे हात जोडलेले. काका, जरा थांबा.

पैसा नाही म्हणे! दक्षिण अटलांटिकमधलं हे बेट ब्रिटनच्या ताब्यातलं, तिथे पाउंड चालतो, ब्रिटनचाच. शेजारच्या सेंट हेलिना बेटाचा (शेजार म्हणजे काय, तर 2400 किमी) स्वतःचा वेगळा पाउंड आहे, ट्रिस्टनचा तेवढाही नाही. ट्रिस्टनच्या नावाची नाणी नेटवर दिसतात ती संग्राहकांना विकायला काढलेली.

तिकिटाची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे आणि घोळ तिथूनच सुरू होतो. 1946 मध्ये बेटाला स्वतःची तिकिटं मिळावीत म्हणून ॲलन क्रॉफर्ड (पूर्वी बेटाचं सर्वेक्षण केलेले) यांनी नमुने केले, त्यावर 1 पेनी आणि 4 बटाटे अशी दोन्ही किंमत, कारण तेव्हा बेटावर रोकड फारशी नव्हतीच. पण ब्रिटिश सरकारने ती मागणी मान्यच केली नाही! 1952 मध्ये पहिली अधिकृत तिकिटं आली ती सेंट हेलिनाचीच, वर ट्रिस्टनचं नाव छापून, आणि त्यावर बटाटा वगैरे काही नाही.

पूर्वी देवाणघेवाणच होती हे कबूल, जहाज आलं की बटाटे, मेंढ्या द्यायच्या आणि पीठ, कपडे घ्यायचे. पण 1942 ला युद्धामुळे नौदलाचं स्टेशन आलं, मागून शेवंडांचा (लॉबस्टरचा) कारखाना आला, लोक पगारावर लागले. 1961 ला ज्वालामुखी जागा झाला तेव्हा तर अख्खं गाव ब्रिटनला हलवलं, तिथे जवळपास दोन वर्षं नोकऱ्या केल्या, सगळं बघितलं आणि बहुतेक जण 1963 ला परत आले. त्यांना पैसा माहीत नाही असं कसं म्हणता?

राहिलं गरीब-श्रीमंत. फरक कमी आहे, मान्य. पण तिथे जमीन सगळ्यांची सामायिक आणि कुणी किती जनावरं पाळायची यालाही मर्यादा, एकच घर गब्बर होऊ नये म्हणून. बटाटे अजूनही लावतात, गावापासून पाचेक किलोमीटरवर वाफे आहेत, पण ते घरी खायला. दुकानात बटाट्याचं पोतं घेऊन गेलात तर हसतील.