संमती नव्हे, फक्त मत: मुंबईबद्दलचा एक निश्चिंत मेसेज

दर काही महिन्यांनी ‘मुंबई केंद्रशासित करणार’ अशी हूल उठते, आणि तिच्या पाठोपाठ एक मेसेज फिरतो. आमच्या इमारतीच्या गटावर तो परवा पुन्हा आला, वरच्या मजल्यावरच्या काकांकडून. मजकूर असा: ‘घाबरू नका. घटनेच्या कलम ३ प्रमाणे महाराष्ट्र विधानसभेच्या संमतीशिवाय मुंबई तोडता येत नाही. शिवाय दोन तृतीयांश बहुमताने घटनादुरुस्ती लागते. आणि १९६० च्या कायद्याने मुंबई कायमची महाराष्ट्राला दिलेली आहे. पुढे पाठवा.’

मुंबई महाराष्ट्रातच राहावी, यावर काकांचं आणि माझं एकमत आहे. पण मेसेजमधली तिन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि चुकीच्या कुलपावर भरवसा ठेवून झोपणं मला पटत नाही.

पहिलं ‘संमती’. कलम ३ मध्ये हा शब्दच नाही. राज्याची हद्द, क्षेत्र किंवा नाव बदलणारं विधेयक असेल तर राष्ट्रपतींनी ते त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मत मांडण्यासाठी पाठवायचं, एवढंच आहे. मत. लग्न ठरवून, हॉल घेऊन झाल्यावर मामाला ‘तुमचं काय म्हणणं?’ विचारतात, त्यातला प्रकार. मामा नको म्हणाला तरी मांडव उभा राहतोच. मामा गप्प बसला तरी अडत नाही, कारण डिसेंबर १९५५ मध्ये पाचवी घटनादुरुस्ती झाली आणि मत देण्याची मुदत ठरवण्याचा अधिकार राष्ट्रपतींना मिळाला. साल लक्षात घ्या. राज्यांच्या सीमा नव्याने आखण्यासाठी नेमलेल्या राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल येऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

या मुद्द्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा मूळ निकाल आपल्या मुंबईवरूनच लागलेला आहे, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नसावं. १९५६ च्या मूळ विधेयकात तीन तुकडे होते: महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई. मुंबई विधिमंडळात चर्चा झाली ती या आराखड्यावर. पुढे संसदेने तो बदलला आणि तिन्ही मिळून एकच द्विभाषिक मुंबई राज्य केलं. यावर बाबूलाल पराते न्यायालयात गेले. विधिमंडळाला या नव्या आराखड्यावर बोलायची संधीच मिळाली नाही, असं त्यांचं म्हणणं. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं: मत एकदा मागवलं की पुरे, संसदेने विधेयकात दुरुस्ती केली म्हणून ते पुन्हा पाठवायची गरज नाही. म्हणजे विधिमंडळाने एका गोष्टीवर मत द्यावं आणि संसदेने दुसरीच मंजूर करावी, हेही चालतं.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर तेलंगण. ३० जानेवारी २०१४ रोजी आंध्र प्रदेश विधानसभेने विभाजनाचं विधेयक आवाजी मतदानाने फेटाळलं. तीन आठवड्यांच्या आत ते संसदेच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि २ जूनला नवं राज्य उभं राहिलं. ‘पण ते राज्य झालं, केंद्रशासित नव्हे,’ असं गटावर एकाने लिहिलं. मग लडाख बघा. जम्मू-काश्मीर तोडून केलेला तो केंद्रशासित प्रदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये वैध ठरवला. तिथे तर विधानसभाच अस्तित्वात नव्हती; तिच्या वतीने मत संसदेनेच दिलं होतं.

दोन तृतीयांशाचा मुद्दा एका ओळीत संपतो. कलम ४ सांगतं की असा कायदा घटनादुरुस्ती समजायचा नाही, त्यामुळे साधं बहुमत पुरतं.

आता ‘कायमची दिली’. १९६० चा मुंबई पुनर्रचना कायदा हा संसदेचा साधा कायदा आहे, आणि संसदेने केलेलं संसद बदलू शकते. त्याची भाषाही गंमतशीर आहे. त्यात नवं राज्य आहे ते गुजरात. उरलेल्या मुंबई राज्याला महाराष्ट्र हे नाव दिलं आहे. कागदावर मुंबई कुणी आपल्याला दिलेली नाही. गुजरात बाहेर पडला, घरावरची पाटी बदलली.

मग १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी जाहीर केलेली केंद्रशासित मुंबई झाली का नाही? कलमामुळे नाही. त्याआधी २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झालेला होता. नंतर चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं, आणि १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली. हुतात्मा चौकातून रोज लाखभर पाय जातात, तिथे कलम ३ कोरलेलं नाही.

गटावर मेसेजखाली एका तरुणाने टाकलं होतं, ‘होऊ दे वेगळी, मुंबईचा पैसा मुंबईत तरी राहील.’ बाबा रे, प्राप्तिकर आणि कंपनी कर दिल्ली गोळा करते, राज्याचा दर्जा बदलला म्हणून तो इथे थांबत नाही. केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा वित्त आयोग सुचवतो; त्या वाटपात केंद्रशासित प्रदेशाला हिस्साच नसतो, दिल्लीलाही नाही. राज्य झालं तरी पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्रात ४५ टक्के भार ‘उत्पन्न किती कमी’ यावर होता, म्हणून श्रीमंत आणि छोट्या गोव्याच्या वाट्याला ०.३८६ टक्के आले. आणि पाणी? सात तलावांपैकी मुंबईच्या हद्दीत फक्त विहार आणि तुळशी. भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य आणि ऊर्ध्व वैतरणा हे सगळे ठाणे, पालघर, नाशिककडचे. उद्या मध्ये राज्याची सीमा आली तर पाण्याची पाळी ठरवायला लवाद बसवावा लागेल.

हे सगळं गटावर टाकल्यावर काकांनी विचारलं, ‘मग विधानसभेने आधीच ठराव करून ठेवला तर?’

ठेवावा की. उत्तर प्रदेश विधानसभेने नोव्हेंबर २०११ मध्ये राज्याचे चार भाग करा असा ठराव केला होता. उत्तर प्रदेश अजून अखंडच आहे.