वाऱ्याला मारणारा माणूस

"अर्थातच वेट-फॉरवर्ड," कुठली दोरी घेऊ असं विचारल्यावर शनिवारी मासेमारीच्या दुकानातल्या पोराने मला ऐकवलं. 'अर्थातच' म्हणताना त्याने माझ्याकडे नाही, माझ्या सासऱ्यांकडे बघितलं. सासऱ्यांनी मान डोलावली. सासरे मालवणचे, जन्मभर गरवत, म्हणजे गळाने मासे धरत आलेले. वेट-फॉरवर्ड म्हणजे पुढच्या टोकाकडे जड असलेली दोरी, हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण जावयाला काही कळत नाही, एवढं इंग्रजी त्यांना बरोबर समजतं.

माझी मागणी साधी होती. व्हर्जिनियात ब्लू रिजच्या डोंगरात ओढे आहेत. दहा-बारा फूट रुंद, वर लॉरेलच्या फांद्यांचं छत, आणि पाण्यात वीतभर ब्रूक ट्राउट मासे. तिथल्यासाठी तीन वेटचा, म्हणजे तीन नंबर वजनाच्या दोरीला जुळणारा, साडेसात फुटी, मऊ चालीचा फ्लाय रॉड, म्हणजे गळाची काठी, हवी होती. पोराने नऊ फुटी पाच वेटचा काढला. "हा सगळ्याला चालतो." सगळ्याला चालणारी वस्तू नेमकी आपल्याला कधी चालत नाही, हे आपण शाळेतल्या दोन नंबर मोठ्या बुटांपासून जाणतो. मी नको म्हटल्यावर तो नाइलाजाने आत गेला आणि मनासारखा रॉड घेऊन आला. इथवर ठीक होतं. पण तेवढ्यात शेजारचे गृहस्थ पुढे सरसावले.

अठरा खिशांचं जाकीट, टोपीला चार माश्या टोचलेल्या. माश्या म्हणजे पिसं गुंडाळलेले गळ. खऱ्या माश्या बसतील अशी त्या टोपीची अवस्था होती, पण ते असो. त्यांनी न विचारता माझ्या हातातला रॉड घेतला, डोळे मिटले, आणि तो हवेत हलवायला लागले. आधी आडवा. मग उभा. मग शेंडा छताला टेकवून दाबला. मग नुसतं मनगट. नाकातून एक दीर्घ श्वास.

"ह्यो वाऱ्याक कित्याक मारता?" सासऱ्यांनी विचारलं.

"रॉड तपासतायत, पप्पा."

"तंगूस खंय?"

तंगूस म्हणजे गळाची दोरी. हा प्रश्न त्या दुकानात त्या दिवशी विचारला गेलेला एकमेव शहाणा प्रश्न होता. फ्लाय फिशिंगमध्ये वजन माशीला नसतं, शिसाला नसतं. वजन असतं दोरीला. दोरीच रॉडला वाकवते आणि वाकलेला रॉड दोरीला फेकतो. दोरी न ओवता रॉड हलवला तर थरथरतो तो फक्त शेंडा आणि हलवणाऱ्याचा अहंकार. पण गृहस्थांनी डोळे उघडले आणि निकाल दिला, "स्लो. फार स्लो." म्हणजे फार मऊ. मग दयाळूपणे, "किती लांब फेकता?"

"पंधरा-वीस फूट."

त्यांच्या चेहऱ्यावर दुखवट्याचे भाव आले. पोराच्या हातातला पाच वेटचा दाखवून ते म्हणाले, "याने अख्खी लाइन जाईल." अख्खी लाइन म्हणजे नव्वद फूट. ओढा बारा फुटांचा. मासा पलीकडच्या टेकडीवर झाडाला लटकलेला असेल तर उपयोग होईल.

"ह्यो काय म्हणता?"

"लांब फेका म्हणतोय."

"मासो केवढो?"

"वीतभर."

"आणि गावलो की?"

"सोडून द्यायचा."

यावर सासरे काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त त्या गृहस्थांकडे बघितलं, मग माझ्याकडे. इतका वेळ वेडा कोण याबद्दल त्यांच्या मनात थोडी शंका होती, ती फिटलेली दिसली.

आता माझी खरी तक्रार. दोरीच्या नंबराला प्रमाण आहे: पुढच्या तीस फुटांचं वजन, ग्रेनमध्ये. तीन वेट म्हणजे १०० ग्रेन, साधारण साडेसहा ग्रॅम. चार वेट १२० ग्रेन, म्हणजे आपल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढं. पाच वेट १४०. रॉडच्या नंबराला असं काही प्रमाण नाही. रॉडवरचा ३ हा बनवणाऱ्याचा अभिप्राय आहे, आणि तो अभिप्राय बहुतेक वेळा तीस फूट दोरी बाहेर आहे असं धरून दिलेला असतो. ओढ्यात तीस फूट दोरी कोण सोडतो? वीस फुटांच्या फेकीत साडेसात फूट तर लीडर, म्हणजे माशी बांधायचा पुढचा बारीक नायलॉनचा तुकडा. शेंड्याबाहेर खरी दोरी दहा-बारा फूट, आणि तीही निमुळत्या टोकाची. म्हणजे वजन जेमतेम दोन ग्रॅम. अमेरिकेचं एक सेंटचं नाणं अडीच ग्रॅमचं असतं. एका सेंटनेही न वाकणारा रॉड आपण शेकडो डॉलर मोजून आणतो आणि मग आपलंच मनगट खराब आहे असं समजतो.

नाण्यांवरून आठवलं. विल्यम हॅनमन नावाच्या माणसाने सेंटच्या नाण्यांनीच रॉड मोजायची पद्धत काढली. रॉड आडवा धरायचा, शेंड्याला पिशवी लटकवायची, आणि रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश इतका शेंडा खाली येईपर्यंत तीत एकेक नाणं टाकत जायचं. किती नाणी लागली त्यावरून रॉडचा खरा जोर कळतो. बाजारातल्या वाण्याच्या तराजूइतकी सरळ गोष्ट. कुठल्याही दुकानात ही पिशवी मला अजून दिसलेली नाही. का ते उघड आहे.

तर ओढ्यासाठी मऊ रॉड घ्यावा. ग्लासफायबरचा चालतो, कमी वजनातही वाकतो. ग्रॅफाइटचा कडक रॉड गळ्यात पडलाच असेल तर दोरी एक नंबर जड चढवावी. पण इथेही फसगत आहे. हल्लीच्या कित्येक दोऱ्या मुळातच अर्धा ते एक नंबर जड बनवतात आणि खोक्यावर मात्र ३ छापतात. त्यावर तुम्ही आणखी एक नंबर चढवलात की माशी पाण्यावर अलगद उतरत नाही, धप्पकन पडते, आणि ओढ्यातला शेवटचा मासा दगडाखाली जातो. म्हणून खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेले ग्रेन वाचावेत. चष्मा न्यावा.

लांबीचं म्हणाल तर सगळे ओढा दिसला की सहा फुटी रॉड सुचवतात. फांद्या अगदी डोक्यावर असतील तर ठीक. जरा मोकळं असेल तर साडेसात-आठ फूट बरा. दोरी प्रवाहावरून उचलून धरता येते, आणि मागे जागा नसताना लागणारा रोल कास्टही, म्हणजे दोरी मागे न उडवता पाण्यावरूनच पुढे टाकणं, सोपा जातो. लीडर साडेसात फुटी, टोक ५एक्स या बारीक जाडीचं, १४ नंबर आकाराच्या माशीला पुरेसं. नऊ फुटी लीडर लावला तर शेंड्याबाहेर दोरी आणखी कमी उरते, मग वाकणार काय, कपाळ? रील कुठलंही घ्या, ते दोरी ठेवायचा डबा आहे. माशी फांदीत अडकली तर रॉड हिसडू नये. रॉड सरळ माशीच्या रोखाने धरून दोरी हाताने ओढावी. रॉड वीतभर माशाने कधी मोडत नाही. तो मोडतो फांदीने, गाडीच्या दाराने आणि छताच्या पंख्याने.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवरने १९२९ मध्ये याच डोंगरात रॅपिडॅन नदीच्या काठी मासेमारीसाठी तळ बांधला. वॉशिंग्टनपासून शंभर मैलांच्या आत, डास नसतील इतक्या उंचावर, आणि दाराशी ट्राउट, अशा त्याच्या अटी होत्या. राष्ट्राध्यक्षाच्या तिन्ही अटी मान्य झाल्या. माझी एकच होती: दोरी ओवून, मागच्या गवतावर वीस फूट फेकून बघू द्या. "पार्किंगमध्ये परवानगी नाही," पोरगा म्हणाला. जाकीटवाले गृहस्थ तोवर दुसरा रॉड हलवत होते. त्यांना परवानगी लागत नव्हती.

दोरी मात्र मी हट्टाने डबल टेपर घेतली. वेट-फॉरवर्डचं वजन पुढच्या तीस-चाळीस फुटांत, मागे बारीक दोरी. लांब फेकणाऱ्याला उपयोगी. ओढ्यात दोरीचे पुढचे दहा-बारा फूटच बाहेर येतात, तेव्हा फरक शून्य. पण डबल टेपर दोन्ही टोकांना सारखी निमुळती असते. एक टोक झिजलं की उलटी करून वापरता येते. फार तर मधोमध कापा, पंचेचाळीस फुटांच्या दोन दोऱ्या.

हे मी गाडीत सासऱ्यांना समजावलं. निदान एका गोष्टीत जावई शहाणा निघाला असं वाटावं म्हणून. ते बराच वेळ बाहेर बघत बसले.

"मग अर्धी माका ठेवा," ते म्हणाले. "मालवणाक गरवूक."

"पप्पा, ती पाण्यावर तरंगते. तळाला जात नाही."

"नव्वद डॉलर देवन तरंगता?"

घरी पोचल्यावर त्यांनी आधी कात्री शोधली.