कापूर हुंगून ऑक्सिजन वाढत नाही
एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेल्या आमच्या पुण्याच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: रोज सिंहगड चढणाऱ्याला विरळ हवा बाधत नाही, बाधलीच तर कापूर हुंगावा. दोन्ही चूक. सिंहगड जेमतेम १३०० मीटर. त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो आणि चांगला दमसास असलेल्यालाही गाठतो. बेस कॅम्प ५३६४ मीटरवर. तिथेही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच, पण दाब जवळपास निम्मा, म्हणून श्वासागणिक कमी मिळतो. कापराने नाक मोकळं वाटतं, इतकंच. पुडी हुंगत मागे रेंगाळणारा सोबती डोकं ठणकतंय म्हणाला, तर त्याला पुढे रेटू नका, हात जोडून सांगते. झोकांड्या जात असतील तर लगेच खाली उतरवा, आणि एकट्याला मुळीच पाठवू नका.