पोर्टेबल वर्ग हटवायचे, पण पैसे कुणी द्यायचे?

शनिवारी संध्याकाळी सॅन होजेत किराणा दुकानाबाहेरच्या आमच्या कट्ट्यावर शाळेच्या बाँडचा विषय निघाला. इथल्या शाळा चालवणारा डिस्ट्रिक्ट मतदारांना विचारून कर्ज काढणार, ते प्रॉपर्टी टॅक्समधून फिटणार आणि त्यातून इतर कामांबरोबर पोर्टेबल वर्ग, म्हणजे तयार आणून ठेवलेल्या तात्पुरत्या खोल्या, हटवणार, असा हा बाँड. नागपूरकर तापलाच. "१५ लाख डॉलरचं घर घेतलंय. प्रॉपर्टी टॅक्सनं आधीच कंबरडं मोडलंय, त्यात हे नवं कर्ज! आणि मी एच-वन-बीवर. माझा टॅक्स चालतो, मत चालत नाही."

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. ग्रीन कार्डवाल्यालाही या बाँडवर मत देता येत नाही. कट्ट्यावरच्या निम्म्या लोकांची हीच गत आहे आणि ती मला मनापासून खटकते.

काकांनी विषय मूळ मुद्द्यावर आणला. त्यांची मुलं याच भागातल्या शाळांत शिकली. "हे पोर्टेबल आले कसे, ते आधी ऐक. १९९६ साली पीट विल्सन कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते. लहान इयत्तांच्या वर्गात २० च्या आसपासच मुलं ठेवाल तर राज्य जादा पैसे देईल, असं ठरलं. ठरलं उन्हाळ्यात आणि शाळा भरायला उरले जेमतेम काही आठवडे. एवढ्यात पक्क्या खोल्या कोण बांधणार? जो तो ट्रकवर घालून पोर्टेबल आणत सुटला. मैदानाच्या कडेला टेकवले ते टेकवलेच."

पार्लेकर वहिनी शाळेत मदतनीस आहेत, त्यांचे दिवस अशाच एका खोलीत जातात. त्या म्हणाल्या, "भिंतीवरचा एसी लावला की मागच्या पोरांना बाईंचं ऐकू जात नाही. म्हणून बाई तो बंद करतात. मग जेवणाच्या सुट्टीनंतर डोकं जड होतं, पोरं पेंगायला लागतात. दारातली फळी पाय पडला की खाली दबते, म्हणून आमची पोरं तिच्यावरून उडी मारूनच आत येतात. बाथरूम पलीकडच्या इमारतीत. पाऊस असला की भिजत जायचं, भिजत यायचं."

एका शाळेपुरतं हे नाही. राज्याच्या हवा आणि आरोग्य खात्यांनी २००४ मध्ये पोर्टेबल वर्गांवर अहवाल दिला, त्यातही हेच होतं. आवाजापायी शिक्षक यंत्र बंद करतात, ताजी हवा कमी पडते, दाबून बनवलेल्या लाकडातून फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू सुटत राहतो. ज्या अहवालाच्या वर्षी जन्मलेली मुलं आता नोकरीला लागली, त्यातल्या गोष्टी अजून वर्गात तशाच असाव्यात याचा मला राग येतो.

"मग राज्यानेच द्यावेत पैसे," नागपूरकर म्हणाला. "२०२४ ला राज्यभराच्या मतदानात शाळांच्या बांधकामासाठीचं प्रपोझिशन २ पास झालं ना? १० अब्ज डॉलर!"

झालं, पण राज्य एकट्याने सगळा खर्च उचलत नाही. नवं बांधकाम असेल तर साधारण निम्मा आणि नूतनीकरण असेल तर सुमारे ४० टक्के वाटा डिस्ट्रिक्टने घालायचा असतो, तेव्हा राज्याचा हात सुटतो. हा वाटा येतो मुख्यतः स्थानिक बाँडमधून. इथे बाँड मतदानात पडला की तिकडचे पैसे दुसऱ्या गावाला जातात.

"ते असू दे. पण मी किती भरणार आणि काका किती, हे सांग."

हा प्रश्न रास्त होता. २००० सालच्या प्रपोझिशन ३९ खाली आणलेला बाँड ५५ टक्के मतांनी पास होतो. त्यात युनिफाइड, म्हणजे बालवाडी ते बारावी सगळ्या शाळा चालवणाऱ्या, डिस्ट्रिक्टसाठी कराचा अंदाजित दर घराच्या करासाठी धरलेल्या किमतीच्या लाखामागे वर्षाला ६० डॉलरच्या वर जाता कामा नये. नागपूरकराच्या १५ लाखांवर ते होतात ९००. काकांच्या घराची करासाठी धरलेली किंमत साडेचार लाख, म्हणजे २७०. गल्ली एकच, घरंही सारखीच. १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे घर विकलं जाईपर्यंत ही किंमत वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. काका गप्प झाले. मग म्हणाले, "अन्याय आहे, कबूल. पण त्याची शिक्षा त्या पोरांना का?"

नागपूरकराने मग पाउवेचं उदाहरण काढलं. सॅन दिएगोजवळच्या या डिस्ट्रिक्टने २०११ मध्ये सुमारे १०.५ कोटी डॉलर उचलले, परतफेड जवळजवळ १०० कोटींची आणि सुरुवातीची वीस वर्षं एक पैसा भरायचा नाही. म्हणजे बांधलं एकांनी, फेडणार त्यांची नातवंडं. ही भीती पोकळ नाही. म्हणूनच २०१३ मध्ये कायदा झाला आणि एकूण परतफेड मुद्दलाच्या चौपटीवर नेता येणार नाही असं ठरलं. माझ्या मते चौपटही जास्तच आहे.

तरीही मी 'हो'वर खूण करणार. या खोल्या हटवायला दुसरा मार्ग दिसत नाही, आणि प्रपोझिशन ३९ च्या बाँडमधून शिक्षकांचे आणि प्रशासकांचे पगार देता येत नाहीत, दरवर्षी ऑडिट होतं, नागरिकांची देखरेख समिती बसते. माझी खरी काळजी कामांच्या यादीची आहे. आमच्या डिस्ट्रिक्टच्या यादीत पोर्टेबल आहेत, पण कुंपण, सोलर, कृत्रिम गवत या सगळ्यांच्या गर्दीत, आणि आधी काय, नंतर काय याचा पत्ता नाही. बांधकामाचे भाव वाढले आणि पैसे कमी पडले की शेवटी उरलेलं काम रद्द होतं. कुठल्या शाळेतले किती पोर्टेबल कोणत्या वर्षी जाणार, हे मतदानाआधी डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने छापून द्यायला हवं.

"मत नाही, पण बोर्डाच्या बैठकीत बोलता येतं ना मला?" नागपूरकराने विचारलं.

येतं. बैठक सगळ्यांना खुली असते, बोलणाऱ्याला नागरिकत्व विचारत नाहीत. वहिनी त्यांच्या शाळेतल्या पोर्टेबलचे खोली नंबर लिहून देणार आहेत. नागपूरकर म्हणतो, तो आधी व्याजाचं विचारणार आणि मग खोल्यांचं.